गोव्याचे व्हायोलिनवादक आणि मुंबईतील वाद्यवृंदाचा पेशा

वाद्यवृंदात बसून व्हायोलिन वाजवणारा वादक आणि मैफलीत एकट्याने व्हायोलिन वाजवणारा वादक यांचे वाद्य एकच असले, तरी त्यांचे पेशे वेगळे आहेत. पहिल्याला समोरच्या कागदावर लिहिलेली सुरावट पाहताक्षणी वाजवावी लागते, शेजारच्या दहा-पंधरा वादकांच्या गजाबरोबर आपला गज वर-खाली न्यावा लागतो, आणि आपला स्वर वेगळा ऐकू न येणे हेच त्याच्या कौशल्याचे प्रमाण ठरते. युरोपात हा पेशा राजदरबार, ऑपेरागृहे, नगरपालिका आणि वर्गणीदार श्रोते यांच्या आधारावर उभा राहिला, आणि मँचेस्टर येथे १८५८ साली चार्ल्स हॅले याने स्थापन केलेल्या वाद्यवृंदासारख्या संस्थांमुळे कालांतराने वादकाला ठरलेला हंगाम, ठरलेले वेतन आणि ठरलेली खुर्ची मिळाली. मुंबईत यांपैकी काहीच नव्हते. तरीही विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात पाश्चात्य स्वरलिपी वाचणारे शेकडो व्हायोलिनवादक या शहरात पोट भरत होते, आणि त्यांतील मोठा भाग गोव्याच्या ख्रिस्ती वादकांचा होता. सिंफनी वाद्यवृंदाने त्यांना कधीच पोसले नाही. उलट चर्च, मूकपटगृहे, हॉटेले आणि सर्वांत अधिक हिंदी चित्रपट यांच्या मजुरीवर जगणाऱ्या या वादकांनीच मुंबईतील सिंफनी संगीत आपल्या फावल्या वेळात जगवले, ही गोष्ट त्या संगीताचा इतिहास सांगताना सहसा तळटीपेत टाकली जाते.

या पेशाची मुळे गोव्यातील चर्चमध्ये आहेत. अल्फोन्सो द अल्बुकर्क याने १५१० साली गोवा जिंकल्यानंतर तेथे जी चर्चव्यवस्था रुजली, तिच्या उपासनाविधीत गायनवादनाला अटळ स्थान होते, आणि युरोपातून गायकवादक सातत्याने आणणे शक्य नसल्याने स्थानिक मुलांना शिकवण्यावाचून गत्यंतर नव्हते. पॅरिश म्हणजे एका चर्चच्या अखत्यारीतील वस्ती. अशा पॅरिशला जोडलेल्या शाळेत मुलांना अक्षरओळख, धर्मशिक्षण आणि संगीत यांचे पाठ एकत्रच मिळत. तेथील शिक्षक हाच चर्चमधील गायकवृंदाचाही प्रमुख असे. पोर्तुगीज भाषेत त्याचा हुद्दा मेस्त्र-कापेला असा होता आणि गावात तो मेस्त्री म्हणून ओळखला जाई. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधील मुख्य उपासनेच्या, वेळी वाजणारे संगीत बसवणे, सणासमारंभाला नवीन रचना करणे आणि पुढच्या वादकांची पिढी घडवणे ही तिन्ही कामे त्याच्याकडेच असत, त्यामुळे वादक आणि शिक्षक हे दोन वेगळे व्यवसाय आहेत ही कल्पनाच या परंपरेत मुळात नव्हती.

शिकवण्याची रीत कडक होती. मुलाच्या हाती व्हायोलिन देण्याआधी त्याच्याकडून कित्येक महिने सोल्फेजचा, म्हणजे कागदावरील सुरावट दो, रे, मी अशा स्वरनामांनी तालासह अचूक म्हणण्याचा अभ्यास करून घेतला जाई. त्या काळात हाताने मात्रा मोजणे आणि तोंडाने स्वर म्हणणे एवढेच त्याचे वाद्य असे. त्यानंतर सोल, रे, ला, मी या चार तारांचे व्हायोलिन हाती येई, ते बहुधा घरातल्याच कुणाचे असे, आणि थोड्याच काळात त्या मुलाला चर्चच्या माडीवर मोठ्या वादकांच्या पंगतीत बसवले जाई. गावातील क्रुसापुढे किंवा घरातील अल्तारापुढे होणाऱ्या लादाईनीत, म्हणजे सामूहिक प्रार्थनागायनात, एक-दोन व्हायोलिने साथीला असत आणि तेथे दुसऱ्या व्हायोलिनचा भाग वाजवणे हा त्या मुलाचा पहिला जाहीर कार्यक्रम ठरे. मुख्य सुरावटीच्या खालून चालणारी ही दुसरी ओळ धरून ठेवणे फार अवघड असते, कारण कान सतत वरच्या ओळीकडे ओढला जातो. पुढे मुंबईच्या स्टुडिओत गोव्याच्या वादकांना जो मान मिळाला, त्याचे बरेचसे कारण बालपणी पचवलेल्या या दुसऱ्या ओळीत शोधावे लागते.

गोव्याच्या शेतीवर मोठ्या कुटुंबाचा निर्वाह होत नसल्याने एकोणिसाव्या शतकापासून गोवेकरांनी मुंबईची वाट धरली. कुणी आगबोटीवर खलाशी झाले, कुणी साहेबांच्या घरी आचारी, आणि ज्यांना स्वरलिपी वाचता येत होती ते बँडमध्ये शिरले. मुंबईत त्यांचा पहिला आसरा म्हणजे कूड. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत एकेका गावाच्या लोकांनी मिळून घेतलेल्या या खोल्या असत. तेथे नाममात्र भाड्यात भिंतीला लावलेली ट्रंक ठेवण्यापुरती आणि रात्री अंग टाकण्यापुरती जागा मिळे, संध्याकाळी अल्तारापुढे रोझरीची प्रार्थना होई, आणि कोणत्या हॉटेलला, कोणत्या बोटीला किंवा कोणत्या संस्थानच्या बँडला माणूस हवा आहे याची खबरही तेथेच लागे. कोकणी तियात्र, म्हणजे गाण्यांनी गुंफलेले नाटक, गोव्यात नव्हे तर मुंबईत १७ एप्रिल १८९२ रोजी प्रथम सादर झाले, यावरूनही या वस्तीत वादकांचा साठा किती होता याची कल्पना येते. याच काळात गोव्यातील देवळांच्या परिसरातून निघालेला संगीतकारांचा दुसरा प्रवाहही मुंबईला येऊन मिळत होता. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांचे कर्तृत्व याच शहरात बहरले. एकाच भूमीतून आलेल्या या दोन प्रवाहांमध्ये, एकीकडे ख्याल आणि दुसरीकडे लिखित सुरावट, अनेक दशके जवळजवळ काहीच देवघेव झाली नाही, आणि जी पुढे झाली ती चित्रपटाने घडवून आणली.

मूकपटाच्या काळात मोठ्या चित्रपटगृहांत पडद्यासमोर वाद्यवृंद बसे आणि पडद्यावरील प्रसंगाला साजेसे संगीत वाजवी. व्हायोलिनवादकाला रोजच्या रोज आणि दिवसातून अनेक खेळ वाजवायला मिळणारी ही मुंबईतील पहिली नियमित नोकरी म्हणता येईल. मॅजेस्टिक सिनेमात १४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ झळकला आणि बोलपटाने काही वर्षांतच ती नोकरी संपवली, पण त्याच बोलपटाला गाणी लागत असल्याने थोड्याच अवधीत तो या वादकांचा सर्वांत मोठा अन्नदाताही झाला. मधल्या काळात हॉटेलांतील नृत्यसंगीताने अनेकांना तारले. तेथे नुसत्या व्हायोलिनवर भागत नसल्याने वादक ट्रम्पेट किंवा सॅक्सोफोन यांसारखे दुसरे वाद्यही शिकून घेत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत, आणि पुढे संगीतकार शंकर-जयकिशन यांचे अरेंजर, म्हणजे चालीभोवती वाद्यसंगीत रचणारे, म्हणून नावारूपाला आलेले सबॅस्टियन डिसोझा फाळणीपूर्वी लाहोरच्या हॉटेलात आपला बँड चालवत होते.

या पार्श्वभूमीवर १९३५ साली बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा राहिला. त्याचे संस्थापक मेहली मेहता (१९०८ ते २००२) हे मुंबईच्या पारशी समाजातील व्हायोलिनवादक होते. बेल्जियन संचालक ज्यूल्स क्रेन यांच्या हाताखाली पहिली सुमारे दहा वर्षे ते या वाद्यवृंदाचे कॉन्सर्टमास्टर, म्हणजे पहिल्या व्हायोलिनांचे म्होरके होते आणि नंतर त्यांनी संचालनही केले. कॉन्सर्टमास्टरचे काम मानाच्या खुर्चीत बसण्यापुरते नसते. तंतुवाद्यांच्या सर्व वादकांनी कोणत्या स्वराला गज वर न्यावा आणि कोणत्या स्वराला खाली आणावा हे तोच ठरवतो आणि प्रत्येकाच्या कागदावर तशा खुणा करवून घेतो. या वाद्यवृंदात गोव्याचे व्यावसायिक वादक होते, पारशी हौशी वादक होते, युरोपातून आलेले काही रहिवासी होते, आणि फुंकवाद्यांसाठी नौदलाच्या बँडवर भिस्त ठेवावी लागे. कार्यक्रम ठरला की सारे जमत आणि कार्यक्रम संपला की पांगत. नाझींच्या उदयानंतर १९३४ साली मुंबईत आलेले ज्यू संगीतकार वॉल्टर काउफमान यांच्या चेंबर म्युझिकच्या, म्हणजे मोजक्या वादकांच्या संगीताच्या मैफलींतही मेहता वाजवत. काउफमान पुढे आकाशवाणीच्या मुंबई केंद्रात पाश्चात्य संगीत विभागाचे प्रमुख झाले. पहाटे तंबोऱ्याच्या झंकारावर व्हायोलिनने उमटणारी आकाशवाणीची शिवरंजनीच्या छायेतील ओळखधून त्यांचीच मानली जाते आणि त्यातील व्हायोलिन मेहतांचे असल्याचे सांगितले जाते. महाराष्ट्रातील कित्येक घरांनी मुंबईच्या या पाश्चात्य वादकवर्गाचे संगीत असे रोज ऐकले, आणि तेही नाव न कळता.

वादकांची खरी कमाई मात्र ताडदेव, महालक्ष्मी आणि वांद्रे येथील रेकॉर्डिंग स्टुडिओंत होत होती. हिंदी चित्रपटाचे गाणे १९४०च्या दशकापासून कसे तयार होई याचा क्रम पाहिला म्हणजे व्हायोलिनवादकाचे त्यातील स्थान स्पष्ट होते. संगीतकार सिटिंगमध्ये, म्हणजे गीतकार आणि दिग्दर्शक यांच्यासमवेतच्या बैठकीत, हार्मोनियमवर चाल बांधी. साहाय्यक ती सा-रे-ग-म मध्ये टिपून घेई. त्यानंतर अरेंजर त्या चालीभोवती वाद्यांचे संगीत रची, म्हणजे गाण्यापूर्वीचा आणि कडव्यांमधला वाद्यमेळ ठरवी, गायकाच्या ओळीमागून चालणारी समांतर सुरावट लिही आणि पहिले व्हायोलिन, दुसरे व्हायोलिन, व्हिओला, चेलो यांना आपापले भाग वाटून देई. गायकाच्या पाठीमागून सरकणाऱ्या या समांतर सुरावटीला स्टुडिओत ऑब्लिगाटो म्हणत, आणि शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांतील व्हायोलिनांचे जे लाटांसारखे उठणे सर्वांच्या कानात आहे ते सबॅस्टियन डिसोझा यांच्या लेखणीतून आले. श्रेयनामावलीत मात्र अशा माणसांची नावे साहाय्यक म्हणून येत. वाद्यवृंदात मागे बसलेल्या वीस-तीस व्हायोलिनवादकांची तर येतच नसत.

ध्वनिमुद्रण एकाच वेळी होई. गायक, ताल, तंतुवाद्ये, फुंकवाद्ये सारे एकाच दालनात किंवा लगतच्या कक्षात असत, सकाळी तालीम सुरू होई, कागदावरील चुका तेथल्या तेथे पेन्सिलने दुरुस्त होत आणि दुपार उलटल्यावर टेक सुरू होत. चौथ्या रांगेतील एका वादकाचा गज घसरला तरी गायकासह सर्वांना गाणे पहिल्यापासून करावे लागे. पूर्वी न पाहिलेला कागद समोर येताच तो वाजवणे आणि दहाव्या टेकलाही पहिल्याइतकेच बिनचूक वाजवणे या दोन गुणांवर वादकाचे पुढचे बोलावणे अवलंबून असे. मोबदला शिफ्टप्रमाणे मिळे, वादकांच्या संघटनेने त्यांच्या श्रेणी ठरवल्या होत्या, आणि ज्या काळात दिवसाला एकाहून अधिक गाणी मुद्रित होत त्या काळात चांगल्या व्हायोलिनवादकाला एका स्टुडिओतून निघून दुसऱ्यात पोचण्यापुरतीच उसंत मिळे. बाख आणि बीथोव्हेन यांच्यासाठी मग रविवार उरत, आणि मुंबईतील चेंबर ऑर्केस्ट्रांच्या तालमी अशाच सवडीने होत आल्या.

या व्यवस्थेत शिक्षकाचे स्थान काय होते हे माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७ ते २०१२) यांच्या चरित्रावरून सर्वांत नीट उमगते. त्यांचे वडील चर्चचे मेस्त्री होते, व्हायोलिनचे आणि सोल्फेजचे धडे घरातच मिळाले, आणि पोरवयातच ते इतरांना शिकवूही लागले होते. १९४३ साली ते मुंबईला येऊन नौशाद यांच्या वाद्यवृंदात दाखल झाले आणि पुढील दोन दशके वादक व अरेंजर म्हणून त्यांनी अनेक संगीतकारांकडे काम केले. वांद्र्याच्या त्यांच्या घरी रविवारी विद्यार्थी जमत. त्यांत राहुल देव बर्मन होते आणि प्यारेलाल शर्माही होते. प्यारेलाल (जन्म १९४०) यांचे वडील पंडित रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रम्पेटवादक होते आणि स्वरलिपीचे मुंबईतील एक मोठे शिक्षक. त्यांनी आपल्या मुलाला गोन्साल्विस यांच्याकडे सोपवले. चर्चच्या माडीवर गोव्यातल्या पोराला मिळणारे शिक्षण अशा रीतीने उत्तर भारतीय संगीतकाराच्या मुलाला वांद्र्यात मिळाले, आणि चर्चशी काडीचा संबंध नसलेल्या हिंदी गाण्याच्या व्यवसायात ते रुजले. पुढे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीने तंतुवाद्यांचे भलेमोठे ताफे वापरले, त्यामागे हा वारसा होता. याच जोडीचे संगीत असलेल्या १९७७ सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील नायकाने गाण्यातून सांगितलेले आपले नावही त्या गुरूचेच आहे. मराठी समीक्षक अशोक राणे यांनी गोन्साल्विस यांच्यावर माहितीपट काढला नसता, तर ते नाव गंमतीचे म्हणूनच राहिले असते.

गोन्साल्विस यांची महत्त्वाकांक्षा स्टुडिओपुरती नव्हती. हिंदुस्थानी राग मूळ रूपात ठेवून त्यांना वाद्यवृंदाची बहुस्तरीय रचना द्यावी असा त्यांचा ध्यास होता. सोनातिना इंडियाना, सारंग रागातील कंचेर्तो, तोडी थाटातील व्हायोलिन कंचेर्तो अशा रचना त्यांनी केल्या. कंचेर्तो म्हणजे एक मुख्य वाद्य आणि संपूर्ण वाद्यवृंद यांच्यातील दीर्घ संवादरचना. १९५८ साली त्यांनी शंभरावर वादकांचा वाद्यवृंद जमवून सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्रांगणात या रचना सादर केल्या. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायले आणि खुर्च्यांवर बहुतांश स्टुडिओतलेच वादक होते. या प्रयोगाची पायाभूत अडचण संगीतातलीच होती. रागाचा जीव मींडेत, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर अखंड सरकत जाण्यात असतो, आणि ही मींड प्रत्येक वादक आपापल्या अंदाजाने घेतो. वीस व्हायोलिनांनी ती एकाच गतीने घ्यायची तर तिचे मोजमाप कागदावर लिहावे लागते, आणि लिहिली की ती कडक होते. या पेचाचे समाधानकारक उत्तर गोन्साल्विस यांना मिळाले असे म्हणणे धाडसाचे ठरेल, पण प्रश्न नेमका कोठे आहे हे त्यांच्याइतके त्या काळी फार थोड्यांना कळले होते. १९६०च्या दशकाच्या मध्यास ते शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील सिरॅक्यूज विद्यापीठात गेले, आणि नंतर गोव्याला परतून चित्रपटांपासून दूर राहिले.

स्टुडिओत मराठी वादकही होते आणि त्यांची वाट वेगळी होती. प्रभाकर जोग (१९३२ ते २०२१) हे सुधीर फडके यांचे साहाय्यक. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १९५५-५६ मध्ये प्रसारित झालेल्या ‘गीतरामायणा’च्या साथसंगतीत त्यांचे व्हायोलिन आहे, आणि गाण्यातील शब्दांचे उच्चार गजातून काढण्याच्या हातोटीमुळे त्यांचे वाद्य गाणारे व्हायोलिन म्हणून नावाजले. त्यांची पिढी चाल सा-रे-ग-म मध्ये टिपून घेई, तर गोव्याचे वादक पाच रेघांची स्वरलिपी वाचत. एकाच स्टुडिओत शेजारी बसलेल्या दोघांपुढचे कागद दोन वेगळ्या लिपींतले असत. एकल ओळ, जिथे गायकी हवी, तिथे पहिल्या परंपरेची मागणी होई, आणि समूहाची भरीव पार्श्वभूमी हवी तिथे दुसरीची. अनिल मोहिले यांच्यासारखे मराठी व्हायोलिनवादक दोन्हींवर पकड मिळवून अरेंजर झाले, हे या दोन परंपरा एकमेकींत मिसळू लागल्याचे चिन्ह होय.

मेहली मेहता यांनी मुंबई सोडली ती याच आर्थिक वास्तवामुळे, असे त्यांचा पुढील प्रवास पाहता म्हणता येते. १९४५ नंतर काही वर्षे न्यूयॉर्कमध्ये आयव्हन गलामियन या ख्यातनाम गुरूकडे त्यांनी शिक्षण घेतले होते, तरी मुंबईत परतल्यावर त्या विद्येला साजेशी कायम नोकरी येथे नव्हती. १९५५ साली, पंचेचाळिशी ओलांडल्यावर, ते मँचेस्टरला जाऊन जॉन बार्बिरोली यांच्या हॅले वाद्यवृंदात साहाय्यक कॉन्सर्टमास्टर झाले. स्वतःच्या शहरात ज्याने वाद्यवृंद स्थापला त्याने परक्या शहरात दुसऱ्याच्या वाद्यवृंदात खुर्ची पत्करली ती पेशा म्हणून, आणि त्यात कमीपणा मानला नाही. १९५९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या कर्टिस चतुष्टयात गेले आणि १९६४ साली लॉस एंजेलिसला, जेथे त्यांनी अमेरिकन यूथ सिंफनी स्थापून तीन दशकांहून अधिक काळ चालवली आणि विद्यापीठातही वाद्यवृंदाचे शिक्षण दिले. व्यावसायिक वाद्यवृंदात जाऊ इच्छिणाऱ्या तरुण वादकांना पूर्ण आकाराच्या सिंफनी रचना वाजवण्याचा सराव देणारी ही संस्था होती. मुंबईत जी पायरी कधी बांधलीच गेली नाही तीच त्यांनी कॅलिफोर्नियात बांधली. त्यांचे पुत्र झुबिन मेहता १९५४ सालीच व्हिएन्नाला गेले होते, आणि प्यारेलाल यांनाही तरुणपणी तिकडेच जाऊन सिंफनी वाद्यवृंदात वाजवायचे होते असे सांगतात. लक्ष्मीकांत यांनी त्यांना थोपवले म्हणून १९६३ साली या जोडीचा ‘पारसमणी’ हा चित्रपट झाला.

गोव्यातील उगमही याच सुमारास आटू लागला. अंतोनियो फिगेरेदो यांनी १९५२ साली पणजीत आकादेमिया द मुझिका ही संगीतशाळा काढली आणि तिची धुरा पुढे कला अकादमीने वाहिली, पण पॅरिश शाळांचे जाळे १९६१ साली पोर्तुगीज राजवट संपल्यानंतर इंग्रजी शाळांपुढे मागे पडले आणि दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर उपासनेत लॅटिन स्तोत्रांची जागा कोकणी गीतांनी व गिटारीने घेतली. मुंबईत घाव पडला तो १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात. सिंथेसायझरच्या एका पट्टीवर तंतुवाद्यांचा आभास निर्माण करता येऊ लागला, बहुपट्टी मुद्रणामुळे प्रत्येक वाद्य वेगळ्या दिवशी मुद्रित करणे शक्य झाले, आणि जेथे तीस माणसे लागत तेथे एक माणूस आणि एक यंत्र पुरे होऊ लागले. वयस्क वादक निवृत्त झाले, काही गोव्याला परतून लग्नसमारंभांत वाजवू लागले, आणि पुष्कळांनी लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांसाठी मुलांना तयार करण्याच्या शिकवण्यांवर घर चालवले. त्या शिकवण्यांतून परीक्षा उत्तीर्ण होणारी मुले भरपूर निघाली. वाद्यवृंदात बसण्याइतकी वर्षे व्हायोलिनला देणारी थोडी, कारण त्या वर्षांच्या शेवटी नोकरी नव्हती आणि हे पालकांना मुलांपेक्षा आधी कळत होते.

मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स (एनसीपीए) या संस्थेच्या छत्राखाली खुश्रू सनतूक आणि कझाकस्तानचे व्हायोलिनवादक मरात बिसेंगालियेव्ह यांनी २००६ साली सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया स्थापन केला, तेव्हा भारतात वेतनावर वादक ठेवणारा सिंफनी वाद्यवृंद अखेर अस्तित्वात आला; त्याच्या व्हायोलिनांच्या रांगा भरण्यासाठी मात्र बहुसंख्य वादक कझाकस्तानातून आणि इतर देशांतून आणावे लागले.